तरसाच्या डोक्यातले शुभेच्छुक

आष्ट्याच्या जैनुद्दीन पेंटरला रडू आलं की हसू यायचं. म्हणजे आत रडूच असायचं, चांगलं दाटून आलेलं, पण छातीतून निघून तोंडापर्यंत येईस्तोवर वाटेत त्याचं काय व्हायचं कुणास ठाऊक, बाहेर पडायचं ते ह्या ह्या ह्या. शाळेत मास्तर छडी मारायचे, हा हसायचा, म्हणून मास्तर आणखी मारायचे, म्हणून हा आणखी हसायचा. शेवटी मास्तरांचाच हात भरून यायचा. बापाच्या मयतीला त्यानं तोंडात आख्खा रुमाल कोंबला होता. खांदे गदागदा हलत होते. लोक म्हणाले, पोरगं लय हळवं हाय. रुमालाच्या आत काय चाललंय ते फक्त त्याच्या आईला, मेहरुनबीला, माहीत होतं. तिचा आडाखा लहानपणापासून ठरलेला. जैनू हसला की कायतरी मोडलंय, जैनू गप्प असला की समदं ठीक.

फिरदोस साताऱ्याची. लग्नाच्या बोलणीत नवऱ्यामुलाची कमाई विचारतात, घर विचारतात, तंबाखू खातो का विचारतात. रडताना तोंड कसं करतो हे कुणी विचारत नाही. पुढं संसार इतका गोड चालला की रडायची पाळीच आली नाही, आणि सांगायचं राहूनच गेलं.

पाळी आली ती सांगलीच्या दवाखान्यात. सहावा महिना होता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्मा काढला, म्हणाल्या, बाळ नाही वाचलं. आणि जैनुद्दीन हसला. बाकावर सासू होती, मेव्हणा झिशान होता, बाटली बदलायला निघालेली नर्स होती. सगळ्यांच्या देखत तो भिंतीला टेकून पोट धरधरून हसला. आणि त्याच्यात न् आतल्या फिरदोसमध्ये होता नुसता हिरवा पडदा, भिंत नव्हे. तो आत गेला तेव्हा फिरदोसनं त्याच्याकडं बघितलं आणि एकच विचारलं.

"हसायसारखं काय हाय ह्यात?"

त्याला उत्तर देता आलं नाही, कारण तो अजून हसतच होता. दवाखान्यातून ती आष्ट्याला आलीच नाही. गाडी सरळ साताऱ्याला गेली.

त्यानंतर त्यानं फोन केले. ती उचलायची नाही. एकदा चुकून उचलला, तर ह्याचा गळा दाटून आला आणि पलीकडं काय ऐकू गेलं असेल ते तुम्हीच समजा. मग पत्र लिहायला बसला. पण जन्म गेलेला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. 'प्रिय फिरदोस' लिहिलं, तर अक्षरांना सावली आली, खाली लाल पट्टा आला, कोपऱ्यात दोन फुलं आली, आणि बघता बघता ते पत्र एखाद्या नव्या साडी सेंटरचं उद्घाटन वाटायला लागलं. त्यानं ते फाडलं.

आता ह्यात नानासो कसे आले ते सांगायला हवं. नानासो म्हणजे 'भाग्योदय डिजिटल फ्लेक्स'चे मालक. आष्ट्यात कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, तेरावा असो, चौकात बोर्ड भाग्योदयचाच. त्यांना एकुलता एक मुलगा, राजवर्धन. ह्या राजवर्धनला निवडणुकीला उभं करायचं नानासोंच्या मनात होतं, आणि पोरं आत्तापासून ओळखायला लागली तर पुढं मतदार होतील असा त्यांचा लांबचा डाव होता. म्हणून दर वाढदिवसाला ते शाळांमधून फुकट वाटायला एक चित्रकथा काढायचे: 'कॅप्टन कोयना'. कोयनानगरला भूकंपाच्या धक्क्यात वीजघराच्या तारेला हात लागून ज्याच्या अंगात शक्ती आली, असा हा वीर. तोंड राजवर्धनचं, गॉगलसकट. खरा राजवर्धन घरातला फ्यूज उडाला तरी दुकानातल्या पप्पूला हाक मारायचा, ही गोष्ट वेगळी.

चित्रं जैनुद्दीनची. खलनायकही त्याचाच. अर्धा माणूस, अर्धा तरस. म्हसवडच्या माळावरचा एक धनगर त्याच धक्क्यात धरणाच्या पाण्यात पडला, बरोबर एक तरस पडलं, आणि बाहेर निघाला तो हा. दरवर्षी शेवटच्या पानावर कॅप्टन कोयना त्याला उचलून धरणावरून खाली फेकायचा आणि तो पडता पडता हसायचा, ह्या ह्या ह्या. हे हसू कुठून उचललं, असं जैनुद्दीनला कुणी कधी विचारलं नाही.

ह्या वर्षी राजवर्धन बैलगाड्यांच्या शर्यतीत गुंतला होता, फोटोला बसायला त्याला सवड नव्हती. नानासो म्हणाले, तुझं तूच कायबी काढ बाबा, फक्त शेवटच्या पानावर साहेब जिंकाय पायजेत आणि शुभेच्छुक कुठंतरी बसवाय पायजेत. 'तुझं तूच कायबी काढ' एवढंच जैनुद्दीनच्या कानात शिरलं. पुढचं वाऱ्यावर गेलं.

त्यानं तरसाची गोष्ट काढली. आख्खी, आतली. कॅप्टन फक्त शेवटच्या पानावर येतो, उचलतो, फेकतो, जातो. बाकी सगळा तरस. त्याला धनगरवाड्याची आठवण येते, तो रडायला जातो आणि हसू फुटतं. बाप मरतो, लांबून माती बघायला येतो, हसू फुटतं, लोक दगड मारतात. आणि मधोमध एक पान पाळण्याचं. पाळणा रिकामा. पाळण्यापलीकडं बायको पाठमोरी. तरस पाळण्याच्या काठाला दोन्ही पंजांनी धरून उभा, जबडा उघडा, दात दिसतायत, तोंडातून ह्या ह्या ह्या, आणि डोक्यावर मोठा ढग. माणूस मनात बोलतो तेव्हा काढतात तसला, खालून बुडबुडे सोडलेला. त्या ढगात लिहिलेलं होतं: 'हे हसणं न्हवं. माझ्या गळ्याला दुसरा आवाजच न्हाई. कुणीतरी एकदा ह्याला रडणं म्हणा.'

हे पान त्यानं इतक्या वेळा काढलं की कागदाला घामाचा वास यायला लागला.

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात नुसतं 'तरस'. मेहरुनबीनं ते उचलून डोळ्याजवळ धरलं. घरात ही मायलेकरं आपली हिंदी बोलायची, जी ऐकून हिंदीवाला माणूस पाणी मागेल. तिला जनावराचा तरस काही आठवला नाही, तिच्या बोलीत तरस म्हणजे कीव.

"तरस?" ती म्हणाली. "किसपे तरस, जैनू?"

तो हसला. अम्मानं पान खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या आडाख्याप्रमाणं काय मोडलंय ते तिला कळलं होतं.

आता एक बारीकशी गोष्ट, पण सगळी माती तिनंच केली. तोंडानं बोललेलं सगळं जैनुद्दीननं चित्रातच ब्रशनं लिहिलं होतं. पेंटरच तो, त्याला काय जड. पण ढगातलं, मनातलं, ते त्याला ब्रशनं लिहवेना. रोज बदलायचा. म्हणून ढग मोकळे ठेवून त्यातला मजकूर त्यानं आपल्या जुन्या संगणकावर शेवटच्या दिवसापर्यंत टाइप केला आणि सगळं पेन ड्राइव्हवर घालून पप्पूला दिलं. पप्पू भाग्योदयचा ऑपरेटर. मनानं सरळ, हातानं चपळ, मधलं कायतरी निसटलेलं. जैनुद्दीनला म्हसवडला सिद्धनाथाच्या वाटेवरच्या दुकानांच्या पाट्यांचं काम आलं होतं. जाताना त्यानं पप्पूला दोनदा बजावलं की पहिली प्रत निघाली की माझी वाट बघायची न्हाई, ताबडतोब साताऱ्याला धाडायची. पत्ता लिहून दिला. आपण आधी बघितली तर पुन्हा बदलत बसू, अशी त्याला भीती होती.

म्हसवडला तो एका पाटीवर 'चप्पल' लिहीत असताना इकडं पप्पूनं फाइल उघडली. जैनुद्दीनचा फॉन्ट पप्पूच्या संगणकात नव्हता. ढगांमध्ये नुसते चौकोन चौकोन दिसले. पप्पूला वाटलं, व्हायरस. त्यानं पुसून टाकले. राहिले रिकामे ढग.

तेवढ्यात नानासो आले आणि कावले. शुभेच्छुक कुठं हायत? फोटो गोळा करून बसलोय, घालायचे कुठं? पप्पूनं पडद्याकडं बघितलं. त्याचा सगळा जन्म फ्लेक्स करण्यात गेलेला, आणि फ्लेक्सच्या धंद्यात रिकामा गोल दिसला की त्याचा अर्थ एकच असतो. त्याला जैनुद्दीनच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

"जागा सोडलीया की मालक," तो म्हणाला. "हे बघा. पेंटरनं पानापानावर सोडलीया."

असे ते फोटो तरसाच्या डोक्यात गेले.

वाढदिवसाच्या दिवशी जैनुद्दीन म्हसवडहून परस्पर मंगल कार्यालयात पोचला. आत हे एवढं मोठं हसू पिकलेलं. हातात पुस्तक नाही असा माणूस नव्हता. शुभेच्छुक एकमेकांना आपापली पानं दाखवत होते. बापाच्या मातीच्या पानावर तरसाच्या मनात दूध संस्थेचे व्हाइस चेअरमन होते, कानाला मोबाइल लावलेले. दगड मारायच्या पानावर तीन ढगांत तीन सख्खे भाऊ, एकाच रंगाच्या शर्टात. एकजण मात्र नाराज होता, कारण त्याला उकिरड्यावरच्या तरसाच्या डोक्यात घातलं होतं आणि भाऊबंदांनी ते बरोबर हेरलं होतं. तो पप्पूला धरून विचारत होता की तरसाला तिथं मीच का आठवतोय.

जैनुद्दीननं एक प्रत उचलली आणि पाळण्याचं पान काढलं. पाळणा रिकामा. बायको पाठमोरी. तरसाचा जबडा उघडा, ह्या ह्या ह्या. आणि त्या मोठ्या ढगात, हार घातलेले, कपाळाला टिळा, मानसिंग तात्या, पतसंस्थेचे संचालक. मोठा ढग म्हणून मोठा माणूस. खाली झेंडूच्या रंगात: 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

तो हसायला लागला. असा हसला की पुस्तक हातातून गळालं. खुर्चीवर बसला, खुर्चीवरून खाली आला. नानासोंनी माइक हातात घेतला आणि सगळ्या सभेला सांगितलं, बघा, आमचा कलाकार किती खूश हाय ते. टाळ्या पडल्या. मानसिंग तात्यांनी स्वतः येऊन त्याच्या गळ्यात शाल घातली आणि कानाशी सांगितलं की पुढल्या वर्षी पण आपल्याला तरसाच्याच डोक्यात ठेव, कॅप्टनच्या डोक्यात जागा लय कमी हाय.

हसू आवरल्यावर त्यानं पप्पूला गाठलं. साताऱ्याची प्रत अजून इथंच असेल, अशी त्याला एकच आशा होती. पप्पूनं आयुष्यात कुठलंही काम वेळेवर केलेलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका तो बारशाला द्यायचा.

"ती कवाच गेली की," पप्पू म्हणाला. "एसटीच्या पार्सलानं. तुमी दोनदा सांगितल्यालं, म्हणून मी सोता नेऊन दिली."

जैनुद्दीननं मोबाइल काढला. झिशानचा मेसेज येऊन पडला होता. त्यात लिहिलं होतं की शुभेच्छा मिळाल्या, पाळण्याच्या पानावरच्या पण मिळाल्या, परत असलं काय पाठवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं साताऱ्याची वाट धरली. पेठ नाक्यावर उतरला, कराडची गाडी धरली, कराडला बदलली. सगळ्या वाटेवर चौकाचौकात फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर तीच तोंडं, गोलागोलात. त्याला वाटायला लागलं की हा सगळा जिल्हाच कुठल्यातरी जनावराच्या डोक्यात चालला आहे. ढगांचा खरा मजकूर त्यानं मोबाइलमध्ये घेतला होता. पान पान उघडून तिला वाचून दाखवायचं, एवढंच ठरवलं होतं. हसू आलं तर आलं. आज सांगायचंच.

सदर बझारात सासऱ्यांचं घर. सासूनं दार उघडलं, बघितलं आणि आत गेली. फिरदोस पलंगाच्या कडेला बसली होती. वाळली होती. पुस्तक शेजारीच पडलं होतं, आणि ते मिटलेलं नव्हतं. पाळण्याचंच पान वर होतं. म्हणजे तिनं ते एकदा बघून फेकलेलं नव्हतं. जैनुद्दीनला त्यातल्या त्यात बरं वाटलं. तो दारातल्या खुर्चीवर टेकला, मोबाइल बाहेर काढला, घसा साफ केला. कधी नव्हे ते हसू येत नव्हतं.

तो सुरू करणार, तेवढ्यात तिनं बोट ढगावर ठेवलं.

"हा कोण हाय?" तिनं विचारलं.

"त्ये," तो म्हणाला, "त्ये मानसिंग तात्या. पतसंस्थेचे."

"आपल्या पाळण्यावर?"

'आपल्या' म्हणाली. तिला कळलं होतं. तरस कोण, पाळणा कुणाचा, सगळं कळलं होतं, ढगातलं एक अक्षर न वाचता. पण हे जैनुद्दीनच्या ध्यानात यायच्या आत फिरदोस हसली. आधी नाकातून. मग तोंडावर ओढणी धरून. मग ओढणी सुटली आणि ती मोठमोठ्यानं हसायला लागली, पलंगाचा गज धरून, पोट धरून. 'मानसिंग तात्या' म्हणायची आणि पुन्हा हसायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास लागत नव्हता, खांदे गदागदा हलत होते.

आणि जैनुद्दीन बघत राहिला. ज्या पानासाठी त्यानं उरातलं रगत आटवलं होतं, त्या पानावर बायको दात काढत होती. त्याच्या मेलेल्या बाळाच्या पाळण्याकडं बोट दाखवून. त्याच्या अंगाचा असा तिळपापड आजवर कधी झाला नव्हता. तो उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडातून आलं:

"हसायसारखं काय हाय ह्यात?"

फिरदोस थांबली. एकदम थांबली, नळ बंद केल्यासारखी. तिनं त्याच्याकडं बघितलं. तिचा जबडा अजून उघडाच होता, गाल ओले होते. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण आतून पुन्हा हसू आलं की काय कोण जाणे, तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि मान खाली घातली.

तो चपला घालून निघाला. पाठीमागं सासूनं दार लावून घेतलं.

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. खिडकीशी जागा मिळाली. रागानं त्याचे कान तापले होते. उंब्रज मागं पडेपर्यंत तो मनात तिला बोलत होता: काळीज हाय का दगूड, आपलंच लेकरू, कसं हसवतं बाईला. पुढं रस्त्याचं काम चाललं होतं, गाडी थांबली. शेजारच्या बाकड्यावर एक बाई पोराला दामटत होती. आणि त्या थांबलेल्या गाडीत आपलंच वाक्य त्याला परत ऐकू आलं. कुणाचं होतं, कुठं ऐकलं होतं, कुणी कुणाला विचारलं होतं. मग ते हलणारे खांदे दिसले. मग तोंडात कोंबलेली ओढणी.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तर पलीकडून झिशान म्हणाला की दाजी, ती फोन घेणार न्हाई, आता तुमी पण सोडा, तुमी गेल्यापासनं ती रडतीया का हसतीया तेच आमाला कळंना. आणि फोन ठेवला.

जैनुद्दीननं तोंडाशी रुमाल नेला, सवयीनं. वाट बघितली. येईल आता. आयुष्यभर नको तिथं आलं ते आता येईल. काही आलं नाही. गळा कोरडा, तोंड मिटलेलं. जे एक जनावर आत होतं तेही त्याला सोडून साताऱ्यातच राहिलं होतं.

आष्ट्याला उतरला तेव्हा दिवस कलला होता. स्टँडवर राजवर्धनचा बोर्ड अजून तसाच होता, आणि कुणीतरी हौसेनं खाली तरस पण चिकटवला होता, शुभेच्छुक म्हणून. घराच्या दारात मेहरुनबी वाटच बघत होती. तिला विचारायची कधी गरजच पडली नव्हती. ती फक्त त्याचं तोंड बघायला पुढं आली. उजेडात त्याची हनुवटी धरून इकडं वळवली, तिकडं वळवली. हसू नव्हतं. हसल्याची खूणसुद्धा नव्हती. पोरगं गप्प होतं, साफ गप्प, इतकं गप्प तर ते लग्नाच्या दिवशीही नव्हतं.

म्हातारीचं तोंड उजळलं. तिनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळले, आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडून दृष्ट काढली आणि लगबगीनं आत गेली. थोड्या वेळानं पेटीवरची नवी गोधडी अंगणात आली, मग उशा आल्या, मग सुनेचं ताट आलं, राखेनं घासायला. शेजारच्या सुलाबाई भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, आवं मेहरुनबी, सांजच्याला कसलं हातरूण वाळवायला काढलंय.

"सून येणार हाय," मेहरुनबी म्हणाली, गोधडी झटकत. "बगा की त्याच्या तोंडाकडं. एकदा बी हसला न्हाई."

सुलाबाईंनी बघितलं. पायरीवर जैनुद्दीन बसला होता, गप्प.